टॅब्लेटवर ‘वीज गेली’ का दाबतात?

आलेलं पत्र:

काका नमस्कार. आमचा इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा आहे, आजोबांपासूनचा. दोन वर्षांपूर्वी मी बाबांच्या मागं लागून २४ साधे माग भंगारात घातले आणि कर्ज काढून १२ रेपिअर (शटल म्हणजे धोटा नसलेले वेगवान माग) घेतले, सेकंडहँड पण कंडिशन चांगली. सोबत मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर पण बसवलं. दोन मागांमध्ये एक टॅब्लेट आहे, माग थांबला की कामगारानं कारण निवडायचं आणि मग परत चालू करायचा. माझ्या केबिनमध्ये मोठा स्क्रीन आहे, मोबाईलवरपण सगळं दिसतं. माग तीन मिनिटांपेक्षा जास्त उभा राहिला की ‘ऑपरेटर डिले’ पडतो, पाळीत असे वीसच्या वर झाले की मी ५० रुपये कापतो. विकणारा म्हणाला होता ८५ टक्के एफिशियन्सी आरामात मिळंल. माझी ६४ च्या वर जात नाही. सॉफ्टवेअर दाखवतं की दर मागाला तासाला सरासरी पाच थांबे आहेत. एका पाळीला दोन विणकर, प्रत्येकाकडं सहा माग, बारा तासांची पाळी. आणि हे लोक सरळ सरळ खोटं दाबतात हो. अर्ध्या थांब्यांचं कारण ‘वीज गेली’ नाहीतर ‘इतर’. मीटरवर बघितलं तर त्या दिवशी वीज गेलेलीच नसते. दिवसपाळी म्हणते रातपाळीनं बीम (उभ्या सुताचा मोठा रूळ) खराब केला, रातपाळी म्हणते दिवसवाल्यांनी. शटलच नाही तर कांड्या (शटलमध्ये बसणाऱ्या सुताच्या नळ्या) कुणासाठी भरायच्या, म्हणून दोन कांडीवाल्या मावशींचा हिशेब करून टाकला, तेवढा तरी पगार वाचला. जुने जॉबर (माग दुरुस्त करणारे) आण्णा आहेत पण त्यांना स्क्रीन जमत नाही, सेटिंगचा पासवर्ड मी माझ्याकडंच ठेवलाय, उगीच कुणी बिघडवायला नको. बाबा म्हणतात विकून टाक सगळं. मी विचार करतोय प्रत्येक मागावर कॅमेरा लावावा. काय करू?
– वैतागलेला, इचलकरंजी

उत्तर:

तू मला काका म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेतलं, कारण तू आकडे दिलेत. बहुतेक पत्रांत नुसतं ‘कामगार ऐकत नाहीत’ एवढंच असतं, त्यावर काय डोंबल सल्ला देणार. तर आधी तुझ्याच आकड्यांचा हिशेब करू, कॅमेऱ्याचं मग बघू.

एका माणसाकडं सहा माग, प्रत्येक माग तासाला पाच वेळा थांबतोय, म्हणजे त्या माणसाच्या डोक्यावर तासाला तीस थांबे. तुटलेली सुताची तार शोधायची, गाठ मारायची, वही-फणीतनं (तारा ओवायच्या भागांतनं) ओढून घ्यायची आणि माग चालू करायचा, ह्याला चांगल्या हातालासुद्धा सरासरी दीड मिनिट धर. बाण्याचं (आडव्या सुताचं) लवकर होतं, ताण्याचं (उभ्या सुताचं) रेंगाळतं, पण सरासरी दीड. तीस थांब्यांची झाली ४५ मिनिटं. आता तुझा टॅब्लेट. तिथं जायचं, हात पुसायचा (तेलकट बोटाला ते स्क्रीन दाद देत नाही हे तू स्वतः करून बघ एकदा), यादी उघडायची, कारण शोधायचं, ओके करायचं. वीस सेकंद तरी जातातच. तीस थांब्यांची दहा मिनिटं. ४५ आणि १० झाली ५५. उरली पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत त्यानं एका मागावरनं दुसऱ्याकडं चालत जायचं, कोन (सुताचे शंकू) बदलायचे, विणलेल्या कापडावर नजर टाकायची, पाणी प्यायचं, आणि झालंच तर लघवीला पण जाऊन यायचं.

बारा तासांच्या पाळीत ती दहा-दहा मिनिटं जोडली तर दोन तास होतात. म्हणजे तुझा सगळ्यात कसबी माणूस, ज्याला तू गाठ मारायचे पैसे देतोस, तो रोज दोन तास तुझ्यासाठी डेटा एंट्री करतोय, आणि ती पण खोटी. (बारा तासांच्या पाळीवर मी बोलत नाही, ते सुरू केलं तर हे सदर पुरायचं नाही. पण दहाव्या तासाला माणसाच्या बोटाला तार लागत नाही एवढं लक्षात ठेव.)

आता पुढचं. ६४ टक्के एफिशियन्सी म्हणजे तासातली ३६ टक्के, साधारण २१-२२ मिनिटं प्रत्येक माग उभा आहे. पाच थांब्यांनी भागलं तर एका थांब्याला सव्वाचार मिनिटं. त्यातलं हाताचं काम दीड मिनिट, टॅब्लेट वीस सेकंद, मग बाकीची अडीच मिनिटं गेली कुठं? तो माग नुसता वाट बघत उभा होता, कारण माणूस दुसऱ्या मागावर गाठ मारत होता. आणि तुझं सॉफ्टवेअर ह्या वाट बघण्याला काय म्हणतं, तर ‘ऑपरेटर डिले’. एका मागावर काम करत होता म्हणून दुसऱ्या मागावर त्याला दंड. मग त्यानं काय करावं? त्या यादीत असं एकच बटण आहे की जे दाबलं तर दोष त्याच्यावर येत नाही, तुझ्यावर येत नाही, कुणावरच येत नाही, जातो तो थेट वीज कंपनीवर. मी असतो तर मीपण तेच दाबलं असतं, आणि तूपण.

म्हणून म्हणतो, ही माणसं खोटारडी आहेत असं मनात धरून बसू नकोस. तू एक असं यंत्र बसवलंयस की ज्याला खरं सांगितलं तर पैसे कापले जातात. ते ५० रुपये कापणं आजच्या आज बंद कर, उद्यापासून नको, आजपासून, आणि ते सगळ्यांसमोर शेडमध्ये उभं राहून सांग. हे केल्याशिवाय पुढचं काहीही करू नकोस कारण तोपर्यंत तुझ्याकडं येणारा एकपण आकडा खरा नसणार.

त्याच दिवशी टॅब्लेटवरनं कारण निवडायची ती यादीपण काढून टाक. ताण्याची तार तुटली की ड्रॉपर (तारेवर लटकणारी पत्री) पडतो आणि माग थांबतो, बाणा चुकला की तेपण मागाला आपोआप कळतं, त्यासाठीच तर वरती वेगवेगळ्या रंगाचे दिवे असतात. म्हणजे जे मशीनला आधीच माहितेय तेच तू माणसाला परत विचारतोयस, आणि उत्तर दिल्याशिवाय माग चालू होऊ देत नाहीस. सॉफ्टवेअरवाल्याला सांग की ताणा की बाणा हे थेट मागाकडनं घे, वीज गेली की नाही ते मीटरकडनं घे. माणसाला तेवढंच विचार जे मशीनला कळूच शकत नाही. सूत कसं आहे, बीमला सायझिंग (सुताला द्यायची खळ) नीट बसलंय का, कडेच्या तारा ढिल्या आहेत का. ते प्रत्येक थांब्याला नाही, बीम चढवल्यावर एकदा आणि पाळी सुटताना एकदा, तेपण तोंडी, दिवाणजीनं वहीत लिहून घेतलं तरी चालतंय. आणि यादी इंग्रजीत असंल तर (असणारच, मी पैज लावतो) ती कन्नड बोलणाऱ्यालाही नाही कळत आणि बिहारहून आलेल्यालाही नाही, म्हणून जे पहिलं दिसंल त्यावर बोट.

आता कांडीवाल्या मावशी. पत्रात ह्या वाक्यापाशी मी जास्त वेळ थांबलो. तुझं म्हणणं कागदावर बरोबर आहे, रेपिअरला शटल नाही, शटल नाही तर कांडी नाही. पण ती बाई कांडी मशीनवर काय करत होती ते तू कधी बघितलंयस? बाण्याचं सगळं सूत, झाडून सगळं, मागावर जायच्या आधी तिच्या डोळ्यांखालून आणि बोटांखालून जात होतं. सूत कच्चं असलं, गाठी जास्त असल्या, लॉट बदललेला असला की पहिली बोंब तीच मारायची, “हे कुठलं सूत आणलंय वो दिवाणजी, तासाभरात दहा वेळा तुटलंय.” आणि मग तो कोन बाजूला जायचा. हे तिच्या कामात कुठं लिहिलेलं नव्हतं, त्याचे तिला वेगळे पैसे नव्हते. तू कांडीचं काम काढलंस, त्याच्यासोबत सूत तपासायचं कामपण गेलं, आणि ते गेलंय हे कुणाला कळलंच नाही. आता कच्चं सूत थेट मागावर जातंय आणि साध्या मागाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं ओढलं जातंय. त्या पाच थांब्यांतले बाण्याचे किती ते वेगळं काढून बघ, मला वाटतं तुला तुझ्या वाचवलेल्या पगाराचा हिशेब तिथं सापडंल.

हे तुझ्या एकट्याचं नाही. मी तीसेक वर्षं वेगवेगळ्या शेडमध्ये काढली, आधी असिस्टंट मग वीव्हिंग मास्टर, आणि हीच चूक मी स्वतःच्या हातानं केलीय. एका ठिकाणी नवीन माग आले तेव्हा मी झाडूवाल्याला दुसऱ्या खात्यात पाठवलं, म्हटलं आता धूळ कमी असते. महिन्याभरात डॅमेज (खराब निघालेलं कापड) वाढलं. नंतर कळलं की तो झाडताना मागाच्या खाली वाकायचा आणि वाकल्यावर त्याला कापडाची खालची बाजू दिसायची, तेलाचा डाग दिसला की विणकराला खुणवायचा. माझ्या कुठल्याच तक्त्यात ते नव्हतं.

बरं, आता एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच धंद्यातली आहे आणि तुझ्यापासून फार लांबची नाही, अहमदाबादची. १९५० च्या आसपास लंडनला टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट म्हणून एक संस्था कारखान्यांतल्या कामाचा अभ्यास करत होती. त्यांच्यातले एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ, ह्यातला बॅमफर्थ स्वतः खाणीत काम केलेला माणूस, ह्या दोघांनी १९५१ साली इंग्लंडमधल्या कोळसा खाणींवर एक लेख लिहिला. खाणीत आधी दोन-चार माणसांची टोळी सगळं काम मिळून करायची. मग मशीन आलं, एकेक काम वेगळं झालं आणि तीन पाळ्यांत चाळीसेक माणसांत वाटलं गेलं, प्रत्येकाला स्वतःचा तुकडा. आणि मग काय, प्रत्येक पाळी आधीच्या पाळीच्या नावानं खडे फोडायला लागली. ‘रातपाळीनं बीम खराब केला’ हे तुझं वाक्य आठवतंय ना? सत्तर वर्षांपूर्वी खाणीत जमिनीखाली हेच चालू होतं.

त्याच संस्थेतला ए. के. राइस हा माणूस १९५३ मध्ये अहमदाबादला आला, साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये. तिथं ऑटोमॅटिक माग बसवले होते आणि एफिशियन्सी काही वर येत नव्हती, अगदी तुझ्यासारखंच. शेडमध्ये २२४ माग आणि २९ माणसं, पण त्या २९ जणांची कामं बारा प्रकारची. विणकर वेगळा, बॅटरीत (मागावरच्या कांड्यांच्या साठ्यात) कांड्या भरणारा वेगळा, तुटलेल्या तारांचा गुंता सोडवणारा वेगळा, तागा उचलणारा वेगळा, तेलवाला, झाडूवाला, जॉबर, फिटर. आणि प्रत्येकाच्या वाट्याला मागांची संख्या वेगळी, विणकराकडं चोवीस नाहीतर बत्तीस, बॅटरी भरणाऱ्याकडं चाळीस-पन्नास, जॉबरकडं शंभरावर. म्हणजे एका विणकराच्या वाट्याला अर्धामुर्धा बॅटरीवाला आणि पाव जॉबर. कुणाचं कुणाशी नातंच नाही, कारण कुणाचंच काम दुसऱ्याच्या कामाशी पूर्ण जुळत नाही. माग थांबला तर बारा जणांकडं बोट दाखवायला जागा.

राइसनं सुचवलं की मागांचे गट पाडा आणि एका गटाच्या मागांमागं माणसांचा एकच गट ठेवा, कुणी काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. मजा अशी की मॅनेजमेंट विचार करत बसायच्या आधी ही कल्पना कामगारांनीच उचलली आणि कोण कुणासोबत काम करणार त्या जोड्या त्यांनीच जुळवल्या. सुरुवातीला आकडे खालीवर झाले, मग बसले. एफिशियन्सी ८० च्या आसपास होती ती ९५ च्या आसपास गेली, डॅमेज ३२ टक्क्यांवरनं २० वर आलं. माग तेच, सूत तेच आणि माणसंपण तीच होती.

आता लगेच उड्या मारू नकोस. अहमदाबादची ती मिल होती, तुझी बारा मागांची शेड आहे, आणि मला ह्या गोष्टी सांगून लोकांना भारावून टाकायची सवय नाही. पुढं १९७० मध्ये त्याच संस्थेतला एरिक मिलर तिथं परत जाऊन बघून आला, तर काही ठिकाणी ही गटाची पद्धत हळूहळू विरघळून गेली होती आणि एका ठिकाणी मात्र इतक्या वर्षांनंतरही बऱ्यापैकी टिकून होती. म्हणजे ही एकदा बसवली आणि विसरली अशी गोष्ट नाही. वरनं प्रॉडक्शनचा रेटा आला, माल बदलला, साहेब बदलला की ती पहिली मोडते. हे माहीत असूनपण मी तुला तीच सांगतोय कारण तुझ्या शेडला ती फार सोपी जाईल, तुझे मुळात बाराच माग आहेत.

आज तू सहा-सहा वाटून दिलेत. एकाचे दोन माग उभे असतात तेव्हा दुसऱ्याचे सगळे चालू असतात आणि तो आपल्या बाजूला उभा राहून बघत असतो, कारण पलीकडच्या मागाला हात लावून त्याला काय मिळणार, पिकं (विणलेल्या आडव्या तारा) तर त्याची मोजली जात नाहीत. ती मधली रेघ पुसून टाक. बारा माग दोघांचे मिळून, आणि त्यांच्यासोबत एक तिसरी व्यक्ती जी कोन बदलेल, सूत बघेल आणि थांबलेल्या मागाकडं पहिली पोचेल. तिसरी व्यक्ती कोण ते तुला कळलंच असंल. मावशींना गाठ मारायला शिकवावं लागणार नाही, कांडी मशीनवर आयुष्यभर त्यांनी तेच केलंय. रातपाळीचं मात्र वेगळं बघावं लागंल, बायकांना रात्री कामावर ठेवायचे नियम आहेत आणि घरची अडचणपण असते, तिथं एखादा पोऱ्या बघ ज्याला विणकर व्हायचंय.

पगार कसा परवडणार असं विचारशील. तर बघ, एफिशियन्सी ६४ ची ७४ झाली असं धर, मी ९५ म्हणत नाही, ८५ पण म्हणत नाही, नुसते दहा टक्के. बारा मागांवर दहा टक्के म्हणजे १.२ माग पूर्णवेळ चालल्यासारखं, आणि तुझ्या आजच्या चालीनं बघितलं तर जवळजवळ दोन मागांचं कापड. दोन मागांचं कापड एका हेल्परच्या पगारापेक्षा जास्त आहे का कमी ते तुझ्या वहीत तूच बघ, भाव मला माहीत नाही, तुला माहितेय.

मजुरीचं जपून. पिकावरची मजुरी दोघांची एकत्र करायची तर आधी दोघांना विचार, आणि सुरुवातीचे दोन महिने आत्ता मिळतात त्यापेक्षा एक पैसा कमी मिळणार नाही हे लिहून दे. नाहीतर त्यांना वाटणार, आणि बरोबरच वाटणार, की गटाच्या नावाखाली मालकानं दोघांत तिघांचं काम बसवलं. आपल्याकडं ही भीती कुठनं आलीय ते विसरू नकोस, १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या, त्यात एक मोठं कारण हेच होतं की दोन मागांच्या जागी तीन माग सांभाळा म्हणून सांगितलं होतं. माझा आजा त्या संपात गावी परत आला होता, आमच्या घरात अजून ‘तीन सांचे’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. आणि जोड्या तू लावू नकोस. कोण कुणासोबत काम करणार हे त्यांना ठरवू दे, तुला वाटंल ह्या दोघांचं जमणार नाही, एक कन्नड बोलतो आणि एक भोजपुरी, पण कोण तार कशी ओढतो हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतंय.

आण्णांचं. हा तुझ्या पत्रातला मला सगळ्यात जास्त टोचलेला भाग. जो माणूस शेडच्या दारातनं आत येतानाच आवाजावरनं सांगायचा की सात नंबरचा माग लंगडतोय, त्याच्या हातातनं तू पाना काढून घेतलास आणि पासवर्ड दिला नाहीस. आता तो करतो काय, दिवसभर तेल घालतो, आणि माग खरंच बिघडला की तू बाहेरनं इंजिनिअर बोलावतोस आणि तो येईपर्यंत माग उभा. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज नावाच्या बाईंनी ऑटोमेशनवर एक छोटा लेख लिहिला, अजूनही लोक वाचतात, त्यातला मुद्दा असा की आपण सोपं सोपं काम मशीनला देतो आणि अवघड तेवढं माणसासाठी ठेवतो, पण सोपं काम करत करतच माणसाचा हात तयार राहत होता. तो रोजचा सराव काढून घेतला की अवघड वेळेला माणूस उभा असतो पण त्याचा हात गेलेला असतो. आण्णांचं तू हेच करतोयस. आणि ‘स्क्रीन जमत नाही’ हे मी ऐकून घेणार नाही, त्यांच्या फोनमध्ये नातवाचे व्हिडिओ असतील की नाही बघ. इंजिनिअर पुढच्या वेळी आला की त्याला सांग, हात तू लावायचा नाहीस, आण्णा लावतील, तू शेजारी उभा राहून सांगायचं. दिवसाचे जास्त पैसे लागले तर दे. कुठलं सेटिंग बदललं, का बदललं, ते आण्णांनी भिंतीवर खडूनं लिहायचं. पासवर्ड त्यांना दे. बिघडवतील? बिघडवतील एखादवेळी. तू दोन वर्षांत कितीदा बिघडवलंयस ते पत्रात नाही लिहिलेलं.

तो केबिनमधला मोठा स्क्रीन उचल आणि शेडमध्ये लाव, जिथनं विणकराला मान वळवली की दिसंल. त्यावर माणसांची नावं नकोत, लाल टक्केवारी नको. बारा चौकोन, कुठला माग उभा आहे आणि किती वेळ उभा आहे, बास. आज ती माहिती ज्याला गाठ मारता येत नाही त्याच्या केबिनमध्ये जातेय आणि ज्याला येते त्याला मात्र मागं वळून दिवे शोधावे लागतात. तुझ्या मोबाईलवर दिसू दे, मी नको म्हणत नाही, पण रात्री दोनला झोपेतनं उठून दिवाणजीला फोन करायचा बंद कर. (करतोस ना? तुझ्या अक्षरावरनं वाटलं मला.)

कॅमेरा गेटवर लाव, गोडाऊनवर लाव. मागावर नको. मागावर लावलास तर तुला काय दिसणार, माणूस गाठ मारतोय. ते तर मी तुला इथं बसून सांगितलं.

सायझिंगवाल्याकडंपण एकदा जाऊन ये. ताण्याचे थांबे वेगळे निघाले की ते बीमप्रमाणे लाव, कुठल्या बीमला किती, आणि तो कागद घेऊन जा, भांडायला नाही, नुसता दाखवायला. साध्या मागाला जे सायझिंग चालत होतं ते रेपिअरच्या वेगाला चालेलच असं नाही, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. उन्हाळ्यात शेडमधली हवा कोरडी पडली की कॉटन तुटणारच, पाण्याचे फवारे बंद पडलेत का ते बघ. हे सगळं तुझा विणकर तुला केव्हाच सांगू शकला असता पण त्याच्या यादीत तसं बटण नव्हतं.

बाबा विकून टाक म्हणतात त्यात माग विकायचं ऐकू नकोस. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तेव्हापण कुणीतरी हातमागावर बसून म्हणालाच असंल की हे टिकायचं नाही. साध्या मागावर तू परत जाऊ शकत नाहीस, जाऊपण नकोस. पण बाबांना शेडमध्ये एक खुर्ची टाकून दे, संध्याकाळी दोन पाळ्या बदलतात ना, तो अर्धा तास. दोन्ही पाळ्यांचे विणकर, आण्णा, दिवाणजी आणि बाबा, चहा तुझ्याकडनं. जाणाऱ्यानं येणाऱ्याला प्रत्येक बीमजवळ उभं राहून सांगायचं, इथं कडेला तारा ढिल्या आहेत, हा कोन बदललाय, आठ नंबर सांभाळ. त्या अर्ध्या तासाची मजुरी कापू नकोस. तू स्वतः पहिला आठवडा जाऊ नकोस, तू असलास की कुणी बोलणार नाही.

आधी मावशींना फोन कर. दोघींतली एक तरी आत्तापर्यंत दुसरीकडं लागली असणार, तिला मागच्यापेक्षा थोडे जास्त द्यावे लागतील, घासाघीस करू नकोस. महिन्याभरानं मला परत लिही, आणि पत्रात बाण्याचे थांबे आणि ताण्याचे थांबे वेगवेगळे लिही, एकत्र सरासरी पाठवू नकोस.